डोंगरावर आई बोलते

२७ डिसेंबर

यंदा बरोबर आणलेलं, सगळं माझ्या हातचं: भिंगरीची घसरगाडी – तळाच्या दोन्ही पट्ट्या वाफेवर वाकवलेल्या, एक खिळा नाही. आईची काठी, बर्फात घसरू नये म्हणून टोकाला लोखंडी काटा. घडीच्या चार खुर्च्या. पत्त्यांची पेटी, झाकण सरकतं. पावाची सुरी, पातं सोडून. गाडीच्या टपावरची सामानाची चौकट. लोकरीचे मोजे तेवढे विकतचे.

हे सगळं मोजून दाखवलं तर बायको म्हणते, "आणि मी? मलाही तुम्हीच रंधा मारून काढलं असेल!"

"तुला रंधा मारला तर रंध्याचीच धार जाईल," म्हटलं. लेक मागच्या सीटवर खिदळली. पाय एका जागी ठरत नाहीत म्हणून तिचं नाव भिंगरी.

डोंगरावरचं हे लाकडी घर आम्ही हिवाळ्यात आठवडाभर भाड्याने घेतो. तिसरं वर्ष. खिडकी अजूनही नीट लागत नाही. चौकटीत वरच्या कोपऱ्यात फुगलीय, दोन हात रंधा मारला की संपलं! पण बायकोने हत्यारांची पिशवीच काढून घेतली. सुट्टी आहे म्हणे.

आई प्रवासभर गप्प. शाल, मांडीवर हात, नजर बाहेर. घरी असते तशीच.

२८ डिसेंबर

आई बोलली!

सकाळी शेगडीपाशी बसली होती. कपाला ओठ लावला आणि म्हणाली, "हा चहा आहे की भांडी विसळलेलं पाणी?" बायकोच्या हातातली किटली तशीच वर. रागावायचं सोडून हसत सुटली. मग दिवसभर आईच्या तोंडाचा पट्टा चालू. पत्त्यांत भिंगरीला साफ लुबाडलं.

"आजी, तू पानं लपवतेस!"

"लपवत नाही गं. जपून ठेवते."

मागच्या हिवाळ्यातही असंच झालं होतं. तेव्हा वाटलं, हवापालट. दोनदा झालं म्हणजे नुसती हवा नाही. काहीतरी आहे.

२९ डिसेंबर

घरी दीड वर्षं दोनच शब्द – हो आणि नको. तेही भलत्या ठिकाणी. "आई, पोळी वाढू?" विचारलं तर मान हलवते आणि मग ताट तसंच ठेवते. डॉक्टरांनी कान तपासले, वयाच्या मानाने ठीक म्हणाले. मग डोकं, असं ताईचं मत. ताई, माझी मोठी बहीण, एकदा ठरवलं की ठरवलं. विसरायला लागलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी एक वृद्धाश्रम आहे, तिथे तिने खोली धरून ठेवलीय. एक फेब्रुवारीपासून. मी हो म्हटलेलं नाही. नाही म्हणायला तोंडही नव्हतं.

आज त्याच आईने मला माझ्या पहिल्या स्टुलाची आठवण काढून फाडून खाल्लं. "तीन पाय, तीन दिशांना! तुझे वडील बसले आणि थेट जमिनीवर." ते स्टूल मी दहा वर्षांचा असताना केलं होतं. लाकूड कुठलं होतं तेही तिला आठवतं. डोकं जागेवर नाही म्हणे!

३० डिसेंबर

खुर्ची कुरकुरते तेव्हा मी अंदाज बांधत बसत नाही. एकेका पायावर भार देऊन बघतो. हे मला कुणी शिकवलं नाही, कुणाच्या हाताखाली मी राहिलोच नाही. खुर्च्या मोडून मोडून शिकलो.

तर आईच्या बाबतीत पाय किती? उंची. थंडी. शेगडीची धग. बर्फाचा उजेड. आम्ही सगळे दिवसभर एका खोलीत.

बायकोला सांगितलं. "सासूबाईंना खुर्ची म्हणालात?" म्हणून ती आईला सांगायला गेली. आई म्हणाली, "खुर्ची तर खुर्ची. निदान बसवून तरी ठेवतो."

१ जानेवारी

ताईला फोन केला. म्हटलं, ती बोलतेय गं, धबधब्यासारखी.

"सुट्टीत सगळेच बोलतात रे. घरी आल्यावर बोलली तर सांग."

ताई वाईट नाही. आई पायऱ्यांवरून पडली आणि आम्ही हाक मारली तरी ओ दिली नाही, तेव्हा पहिली धावत आली ती ताईच.

३ जानेवारी

परत.

गाडी सुरू झाली आणि आई बंद. नळ फिरवावा तशी! अजून डोंगर उतरलोही नव्हतो. वाटेत चहाला थांबलो. टपरीच्या बाकावर म्हणाली, "पाय आखडले बाई." तिथे उंची तर अर्ध्यावर आलेली. पुन्हा गाडीत बसलो, पुन्हा गप्प. म्हणजे उंचीचा पाय गेला. बरं झालं, घरी डोंगर बांधणं मलाही जमलं नसतं.

घरी आल्याबरोबर आधी खाली, वाळवणखोलीत. शेजारच्या गवंड्याने आठवडाभर नीट सांभाळली. पठ्ठ्याने दर तीन तासांनी येऊन ओल बघितली, जशी सांगितली तशी. दोन वर्षांपूर्वी ही खोली मी एकट्याने उभारली, दुकानाला लागून, आमच्या जेवायच्या खोलीच्या बरोबर खाली. ओलं लाकूड उघड्यावर वाळायला वर्ष घेतं, इथे तीन आठवड्यांत खुर्चीला तयार. गरम हवा फिरवणारा पंखा रात्रंदिवस चालू. थांबला तर फळ्या तडकतात. लांबलांबून सुतार बघायला येतात. शिकलेले येतात, नकाशा मागतात. नकाशा नाहीच! डोक्यात आहे.

७ जानेवारी

थंडी तपासली. खिडक्या सताड उघड्या ठेवून जेवलो. आईने शाल डोक्यावरून घेतली, एवढंच. बायको शिंकते आहे. भिंगरी हातमोजे घालून जेवली आणि तिला ते फार आवडलं.

१० जानेवारी

शेगडीही तपासून झाली. खोलीत डोंगरावरच्यासारखी बसायची मांडणी झाली. उजेडासाठी भिंतीला पांढरी चादर लावली. पत्ते काढले. आई भिंगरीकडे बघून गोड हसली आणि भलतंच पान टाकलं. हुकूम कुठला, ते मी दोनदा सांगितलं होतं.

"आता बर्फ आणा पोत्यात भरून," बायको म्हणाली. पण मग ताट उचलताना थांबली. "अहो, तिकडे त्या माझ्या तोंडाकडे बघत नव्हत्या. इथे सारख्या बघतात."

हे मला दिसलं नव्हतं. डोळ्यांत तेल घालून बघतोय आणि हे दिसलं नव्हतं!

१५ जानेवारी

पंख्याचा पट्टा झिजला होता. बदलायचाच होता. जेवायच्या वेळी थांबवला, म्हटलं मोटर गार होईल, तोवर चार घास खाऊन घेऊ.

वर आलो. बसलो. बायको नेहमीच्याच आवाजात भिंगरीला म्हणाली, "मीठ दे गं तिकडचं."

आणि आई – "मलाही दे. रोजच कमी असतं, पण सांगायचं कुणाला?"

भिंगरीने मीठ दिलं. आईने सूप संपवलं, दुसऱ्यांदा मागितलं, शेजारच्या गवंड्याची बायको जाड झाली की काय ते विचारलं. मी खाली गेलो. पट्टा चढवला. बटण दाबलं. वर आलो.

आई मांडीवर हात ठेवून बसली होती. नजर बायकोच्या तोंडावर.

मी मुद्दाम जिन्यात उभा राहून ऐकलं. घरघर. जमिनीतून येते, तुळयांमधून, टेबलाच्या पायांतून. आम्हाला ती ऐकूच येत नाही आता. दोन वर्षांत आमच्या कानाला घट्टे पडलेत.

१६ जानेवारी

पुन्हा केलं. बंद – बोलली. चालू – गप्प. संध्याकाळी पुन्हा. बायकोला आधी सांगितलं नव्हतं, तिने आपणहून ओळखलं. म्हणाली, "काखेत कळसा आणि गावाला वळसा."

मला हसू आलं नाही. कळसा मीच घडवलेला.

१८ जानेवारी

पंखा थांबवून आईजवळ बसलो. विचारलं, ऐकू येत नाही हे सांगितलं का नाहीस?

"ऐकू येत होतं की. तुम्ही बोलताय एवढं कळायचं. शब्द कळायचे नाहीत. मला वाटलं, माझ्यासमोर हळू बोलायला लागलात सगळे."

"हळू कशाला बोलू?"

"म्हातारं माणूस घरात असलं की बोलतात रे. मीही माझ्या सासूसमोर बोलायचे." मग म्हणाली, "दोनदा 'काय?' म्हटलं की तिसऱ्यांदा तुमचे चेहरे बदलतात. मग हो म्हणायचं, नाहीतर नको. निम्म्या वेळा बरोबर येतं."

डोंगरावर काय वेगळं होतं, विचारलं.

"तिकडे तुम्ही मोकळं बोलता. मला वाटायचं, सुट्टीपुरती माफी मिळते."

२० जानेवारी

डॉक्टरांकडे गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं, पंख्याचा आवाज कसा, जाड की बारीक, तेही विचारलं. म्हणाले, "आमची तपासणी बंद, शांत खोलीत होते. तिथे त्यांना येतं. गोंगाटातून शब्द वेगळे काढणं वयात जड जातं. कानातलं यंत्र देऊन बघू, पण ते घरघरही मोठी करेल. आवाज थांबवता आला तर आधी तो थांबवा."

थांबवता आला तर!

२४ जानेवारी

थांबवायचा कशाला? कोंडू. माझ्या हाताला जमलं नाही असं अजून काही आलेलं नाही.

पंख्याभोवती दुहेरी फळ्यांची पेटी केली, मध्ये घट्ट लोकर. मोटरखाली रबराचे ठोकळे. सांधे इतके बसले की केस जाणार नाही. खाली उभं राहिलं तर आवाज निम्माही नाही. बायकोने कान लावला, मान डोलावली. आपला हात जगन्नाथ!

२५ जानेवारी

आई गप्प.

आवाज हवेतून नाही, तुळयांतून चढतो. टेबलावर तळहात ठेवला, थरथर लागते. घर आणि वाळवणखोली एकाच हाडामासाची. तीही मीच जोडली, आणि जोडकाम ढिलं करणं मला कधी आलं नाही.

२७ जानेवारी

दुसरीकडे जागा बघितली. खोली लांब नेली तर दर तीन तासांनी ओल बघायला जाणार कोण, रात्री-अपरात्री? एकदा चुकलं की महिन्याचं लाकूड सरपणाला. वाळवलेलं लाकूड विकत घ्यावं तर खुर्चीत उरतं काय? उघड्यावर वाळवायचं तर वर्षभर वाट बघायची, आणि मग मोजक्या खुर्च्या.

बायकोला म्हटलं, तू सांग.

"मी सांगून तुम्ही कधी ऐकलंय? पण एवढं सांगते, मला सासूबाईंशी भांडायला आवडतं. दीड वर्षं भिंतीशी भांडले."

२९ जानेवारी

ताईचा फोन. परवा येते, आईची बॅग भरायला. मी पंख्याचं सांगितलं. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरं, मग पंखा बंद केलास का?"

म्हटलं, आत फळ्या अर्ध्या वाळल्यात.

"म्हणजे नाही केलास."

पंखा की आई – कागदावर लिहिलं की उत्तर सोपं दिसतं. पण ही खोली नसेल तर मी कोण? खुर्च्या करणारे गल्लोगल्ली आहेत. शाळा अर्ध्यावर सोडलेल्या माणसाला शिकलेले लोक 'हे कसं केलंत?' विचारतात, ते या खोलीपाशी. खुर्चीपाशी नाही. हे मी आईला सांगू शकत नाही. पंखा चालू असताना सांगितलं तर तिला ऐकूही जाणार नाही – मनात हे आलं, आणि माझी मलाच लाज वाटली.

भिंगरी विचारत होती, आजीच्या नव्या खोलीत पत्ते खेळायला कोण असेल?

३१ जानेवारी

सकाळी शहरातले एक मोठे खुर्च्यांचे दुकानदार आले. वर जेवायच्या टेबलाशीच बसवलं. आई खिडकीपाशी, ताई तिच्या शेजारी रिकामी बॅग पायाशी घेऊन. दुकानदार म्हणाले, तीनशे खुर्च्या, वर्षभर मिळून, पण लाकूड या खोलीतलंच वाळवलेलं हवं. आकडा कागदावर लिहून माझ्याकडे सरकवला. मोठी माणसं आकडा बोलत नाहीत. मी म्हटलं, खोली काल बंद केली, जमणार नाही. ते गेले.

दार लागलं. खिडकीजवळून आई म्हणाली, "तीनशे खुर्च्या म्हणाला, ते ऐकलं मी. कागदावर किती लिहिलं होतं रे?"

नऊ लाख.