पहिली काठी

२२ जाने. २०१२, रवि.
उजवा हात सुजलाय. अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.
स. ९ ला मी आणि काळू (आमचा झाडूवाला, कोन गावापुढच्या वाडीतला) स्मृती उद्यानात शहीद स्तंभाचा चौथरा धूत होतो. गुरुवारी झेंडावंदन. एक तिशीचा माणूस आला. पाठीवर सॅक. मोबाइलकडे बघत स्तंभाला तीन फेऱ्या. मग खाली बसून सुटी लादी उचकली, आतून काळ्या चिकटपट्टीने गुंडाळलेला डबा काढला. परवाच पोलीस सांगून गेलेत, बेवारस वस्तू दिसली तर कळवा. मी कळवलं नाही. "बॉम्ब!" ओरडलो आणि काठी घातली. कानाच्या वर.
तो पडल्या पडल्या ओरडत होता, "कॅश आहे काका, कॅश!"
बॉम्ब ऐकून जे लांब पळाले होते ते कॅश ऐकून धावत आले. गेल्या महिन्यात स्तंभाची दानपेटी कुणीतरी फोडली होती ना. "हाच तो! पैसे इथेच लपवतो!" लाथा. पेव्हर ब्लॉक. कुणाचा तरी पट्टा, बक्कल थेट डोळ्यावर. मी थांबवलं नाही. अजून दोन घातल्या. लिहायला लाज वाटते, पण मारताना बरं वाटत होतं.
काळू मध्ये घुसला, त्याच्यावर आडवा पडला. "सोडा रं, मरंल तो!" त्याच्याही पाठीत बसल्या. पोलीस आले तोवर सगळे पसार. रक्ताने माखलेला एकटा काळू. त्यालाच गाडीत घातलं.
मी नळाखाली काठी धूत होतो.

२३ जाने.
काल लाथांत उडालेला डबा मला मेंदीच्या कुंपणात सापडला. झाडाझडतीत कुणी तिथे पाहिलंच नाही. साधा स्टीलचा, झाकणाचा. अठ्ठावीस वर्षं फौजेच्या भांडारात काढली आणि डबा ओळखला नाही. आत वही, पेन्सिल, चार गोट्या. वहीच्या पहिल्या पानावर मराठीत: "हा खेळ आहे. घाबरू नका. डबा सापडला तर नाव-तारीख लिहा आणि होता तिथेच ठेवा." खाली अकरा जणांची नावं.
नुसतं झाकण उघडलं असतं.
वर इंग्रजीत जिओकॅश. भाचीला फोनवर विचारलं, कुठेतरी वाचलं असं सांगून. म्हणाली, "मामा, ही कॅश म्हणजे पैसे नाही. लपवून ठेवलेली वस्तू. मोबाइलवर जागा बघून लोक शोधतात." तो बिचारा खरं तेच सांगत होता.
डबा कपाटात, गरम कपड्यांखाली.

२४ जाने.
मार खाल्लेला तो सुकापूरचा आहे. निखिल नाव. डावा डोळा गेला, अजून शुद्ध नाही. काळूवर जिवे मारण्याचा प्रयत्न म्हणून गुन्हा.
उद्यान समितीचा पाटकर घरी आला. "सुभेदार, तुम्ही काही पाहिलं नाही, आम्हीही नाही. गुरुवारी तुमचा सत्कार ठेवलाय. जागरूक नागरिक म्हणून."
मी चहा टाकला. नाही म्हणालो नाही.

२६ जाने., गुरु.
शाल, श्रीफळ, टाळ्या. भाषणात मी सीमेवर लढलेला. मी ब्लँकेटं आणि बूट वाटले हो! उभ्या जन्मात कुणावर हात उचलला नव्हता. पहिल्यांदा मारलं ते ह्याला, तेही शहिदांच्या पायाशी. चौथऱ्यावर चुन्याचे दोन हात दिलेत तरी डाग तांबूस दिसतोच. त्यावर कुणीतरी फुलं ठेवली.
गेटवर काळूची बायको, सोमी. अनवाणी.
"बाबा, तुमी व्हते ना तितं? माज्या नवऱ्यानं मारला त्याला?"
"नाही."
"मंग सांगा ना त्यांना. त्याला आत लय मारलाय. उभा नाय ऱ्हावत तो."
बघतो म्हणालो. काय बघतो? शाल खांद्यावर, आणि बघतो म्हणे.

२८ जाने.
शाल पेटवायला गेलो. टेरिकॉटची निघाली, जळेना, नुसती चिकटली बोटाला. फोड आलाय. सोमी सकाळपासून समोर ओट्यावर बसून. शेजाऱ्यांनी हाकललं तर दोन घरं सोडून बसली.
आरशात पाहिलं नाही दाढी करताना, गाल कापला.

२९ जाने., रवि.
आठवडा झाला. निखिलला शुद्ध आली म्हणे. आई तेवढी ओळखली, पण कुणी मारलं आठवत नाही. म्हणजे आता सांगणारा मी एकटाच. पाटकरचा फोन: "सुटलात, सुभेदार." कानशिलात बसल्यासारखं झालं.
डबा काढला. वहीत नियमाप्रमाणे बारावं नाव लिहिलं, माझं. तारीख मात्र २२ जाने. पुढे: पहिली काठी माझी होती, काळूने त्याला वाचवलं. सही.
नियम असाही आहे की डबा होता तिथेच ठेवायचा. पो. स्टे.ला जाताना उद्यान वाटेतच लागतं. लादी अजून सुटीच आहे. ठेवला तर कुणाला कळणार?
काठीही घेतली बरोबर. दार उघडलं तर सोमी उभी. हातातल्या डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हटलं, "तू हो पुढे, मी आलोच."
"नाय बाबा," ती म्हणाली. "तुमी पुढं."
बूट घालतोय सांगून आत आलोय. हे तेवढ्यात लिहितोय. ती दारातच आहे.