निळ्या शेळीकडं पाहुणं

आई, मावशी जिवंत आहे. तुला ते ठाऊकच होतं. मला मागच्या आठवड्यात कळलं, आणि तेव्हापासून ओट्याशी उभी राहिले की हातातलं काम तसंच राहतं.

कसं कळलं ते नीट सांगायला हवं, कारण तू गेलीस तेव्हा आपल्या घरी साधा फोनही नव्हता. आता फोनवर आमचा कोडी सोडवणाऱ्यांचा ग्रुप आहे. रोज सकाळी कुणीतरी एक वाक्य टाकतं, पण त्यातलं प्रत्येक अक्षर बदललेलं असतं. क च्या जागी ट, ळ च्या जागी म, असं काहीही. काना-मात्रा तेवढ्या जागच्या जागी. अंदाज बांधत मूळ वाक्य शोधून काढायचं. कुणी सोलापूरचं, कुणी नाशिकचं, एकमेकांची तोंडं कुणी पाहिलेली नाहीत, नावंसुद्धा टोपणच घेतलेली. मी बारामतीत डबे भरता भरता सोडवते. त्यात 'सुईदोरा' नावाचं कुणीतरी होतं. त्यांचं उत्तर माझ्याआधी आलं की मी चिडायचे, आणि मी अडले की हळूच एखादं अक्षर सांगून मोकळं करायचे तेही तेच. मागच्या आठवड्यात कोडं घालायची पाळी सुईदोऱ्याची होती. पहिले दोन शब्द होते 'जिम्हा केमीटरं'. शेवटी 'कडं' असणार असं धरलं, म च्या जागी ळ घालून पाहिला, 'शेळीकडं' झालं. मग 'निळ्या'. पुढची अक्षरं मला शोधावीच लागली नाहीत. निळ्या शेळीकडं पाहुणं आलं.

आपल्या काटेवाडीच्या स्वयंपाकघरात तुझ्या हातून पातेलं निसटतं, फरशीवर गरगरत दाराशी जातं, आणि तू म्हणतेस, निळ्या शेळीकडं पाहुणं आलं. बाबा विचारतात हे काय खूळ, तू पदरात हसतेस आणि सांगत नाहीस. तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या तोंडून मी ते कधी ऐकलेलं नाही. माझा डबा उघडाच राहिला. हे वाक्य कुठून आणलंत म्हणून मी विचारलं, तर उत्तर आलं की लहानपणी कऱ्हाटीला शेरडं राखताना आम्ही दोघी बहिणी म्हणायचो. तुझं माहेर कऱ्हाटी. तुला एकच बहीण, आणि ती माझ्या जन्माआधी कावीळ होऊन गेली असं तूच मला सांगितलेलं. मी नंबर मागून घेतला. म्हातारा, जरासा घोगरा आवाज होता. मी तुझं नाव सांगितलं. मग ती म्हणाली, "आक्काची पोर व्हय तू?" माझ्या तोंडून निघून गेलं की मावशी तर वारली. ती म्हणाली, "घरच्यांसाठी मेलेच हुते गं. तू हितं इंदापूरला ये."

आई, तू मला आयुष्यात एकदाच मारलंस. पितृपंधरवडा होता, तू पानावर भात, वडे, खीर वाढत होतीस, आणि मी म्हटलं, एक घास मावशीच्या नावानं ठेवू या का. तुझा हात असा आला की मी चुलीपाशी जाऊन पडले. मी शहाणपणाचं बोलले असताना मार का बसला, हे मला कधीच समजलं नव्हतं. फोन ठेवल्यावर समजलं. जिवंत माणसाचा घास कावळ्याला कोण काढून ठेवील?

दुसऱ्या दिवशी एसटीनं गेले. ती स्टँडवर येऊन थांबली होती, डोक्यावरून पदर, जाड भिंगाचा चष्मा, आणि नाक तुझं. मी पाया पडले तरी तिचं लक्ष माझ्या मागं होतं. गाडी रिकामी होईपर्यंत ती दाराकडं बघत राहिली. मग म्हणाली, "आक्का न्हाय आली?"

तिला माहीत असेल असंच मी धरून चालले होते. तिथंच बाकावर बसवून तिला सांगावं लागलं की तू अंगणात चक्कर येऊन पडलीस ती उठलीच नाहीस, आणि त्याला फार वर्षं झाली. ती रडली नाही. चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि उघड्या डोळ्यांनी समोरच्या गाड्यांकडं बघत बसली, ज्या तिला त्या क्षणी दिसत नसणार. मग सावकाश बोलायला लागली. शिवण शिकायला बारामतीला जायची, तिथल्या मुसलमान टेलरशी लग्न करून इंदापूरला आली, आणि कऱ्हाटीत तिचं सुतक पाळलं गेलं. माणूस चांगला निघाला. आता तो नाही, लेक-सून बघतात, डोळ्यांमुळं शिवण सुटलं म्हणून अक्षरं मोठी करून कोडी सोडवते. आणि तू? तू दर वर्षी दिवाळीनंतर डोळे तपासायला म्हणून बारामतीला जायचीस आणि तिथून इंदापूरची गाडी धरायचीस. ह्याच स्टँडवर दोघी बसायच्या, डबा खायच्या. मी घरी तुझी वाट बघायचे आणि डॉक्टर काय म्हणाले ते विचारायचे. तू सांगायचीसही.

शेवटच्या भेटीत तिनं तुला म्हटलं होतं, पुढच्या वेळी पोरीला आण, नाहीतर तूही येऊ नकोस. तू डबा तसाच ठेवून उठलीस. पुढच्या दिवाळीनंतर आली नाहीस, त्याच्या पुढच्याही नाही. ती मात्र किती तरी वर्षं स्टँडवर येऊन बसायची. हे सांगून झाल्यावर तिनं माझा हात धरला. "माझं बोलणं लावून घेतलं आसंल का गं तिनं?"

मी म्हटलं, नाही मावशी. आई त्या वर्षी म्हणत होती, दिवाळी झाली की आपल्याला इंदापूरला जायचंय, तुला कुणाला तरी भेटवायचंय. कुणाला ते सांगायच्या आतच गेली.

ती तेवढं ऐकून हुंदका देऊन रडली, आणि मग मोकळी झाल्यासारखी मला जेवायला घरी घेऊन गेली.

तू असं काही म्हणाली नव्हतीस. म्हणाली असशील आणि मीच विसरले असेन, असं इंदापूरहून आल्यापासून मी स्वतःला समजावते आहे. पण नव्हतीस म्हणाली.