दुसऱ्या पडद्यावर

सोमवार, ४ मार्च

बसला! चित्रं दाखवणारा नवा प्रोग्राम एकदाचा कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर बसला! पडद्याच्या कापडावरची फुलं-पानं केस पांढरे होईपर्यंत कागदावर काढली. आता म्हणे सगळी डिझाइनं स्कॅन करून यातच बघायची. लेक फोनवर — "आई, आधी सेटिंग उघड. घाबरू नकोस, काही मोडत नाही." मागचा राखाडी रंग काढून काळा केला. अगं बाई! माझी शेवंती अशी उजळली की मीच चाट! मग जोशात वरची बटणांची पट्टी लपवली. ती परत आणायचं बटण नेमकं त्याच पट्टीत!

मंगळवार, ५ मार्च

लेकीनं पट्टी परत मिळवून दिली. मग मी फुल स्क्रीन करून पाहिलं. खिडकीच्या कडा गेल्या, फुलीही गेली, बंद कुठून करू? ओरडलेच. पलीकडच्या रंगखोलीतून कापड रंगवणारे रंगमास्तर धावत आले. त्यांना वाटलं, शॉक लागला! हात कोपरापर्यंत निळे. एक बोट एस्केपवर — सुटले! "एवढंच होतं होय," म्हणाले आणि हसले. बटणावर निळा ठसा राहिला.

बुधवार, ६ मार्च

ठसा पुसला नाही. वेळच नव्हता. (होता.)

गुरुवार, ७ मार्च

मालकीणबाईंनी गिऱ्हाइकांच्या खोलीत भिंतभर स्क्रीन लावलाय, वायर माझ्या कॉम्प्युटरला. मी सेटिंगमध्ये 'फुल स्क्रीन दुसऱ्या पडद्यावर' निवडलं, आणि शेवंती भिंतीवर! बाई म्हणाल्या, "जमलं की हो तुम्हाला!" दिवसभर पाय जमिनीवर नव्हते.

शुक्रवार, ८ मार्च

धरणी पोटात घेईल तर बरं!

जेवणाच्या सुट्टीत सगळ्या स्टाफचा फोटो उघडला. मास्तर मागच्या रांगेत, म्हणून फुल स्क्रीन करून जरा झूम केलं. माझ्या स्क्रीनवर काहीच येईना. वाटलं, अडकलं. आणखी झूम. आणखी! तेवढ्यात भिंतीपलीकडे हशा. सेटिंग कालचंच होतं! धावत गेले तर भिंतभर मास्तरांचा चेहरा, भुवईचा केस न् केस मोजावा असा. समोर बाई, दोन गिऱ्हाइकं — आणि कापडाचे नमुने हातात धरून स्वतः मास्तर!

गिऱ्हाईक म्हणालं, "हे डिझाइन नवीन दिसतंय."

मास्तर शांतपणे — "जुनंच आहे. धुऊन धुऊन विटलंय थोडं, पण रंग पक्का."

मी पळाले. पण घरी येऊन एकटीच खदाखदा हसले. हे गेल्यापासून या घरात असं कुणी हसलं नव्हतं.

शनिवार, ९ मार्च

दिवसभर मान खाली. चहाच्या वेळी मास्तरच टेबलाशी आले. "फोटो कशाला मोठा करता? मी पलीकडच्याच खोलीत असतो." मग कप उगाच इकडचा तिकडे करत — "उद्या टेकडीवर येता का फिरायला?" मी हो म्हटलं. विचार न करता! आरशात पाहिलं, कानाच्या पाळ्या लाल. या वयात!

रविवार, १० मार्च

टेकडीवर वारा होता, पदर सावरता सावरेना. ते त्यांच्या बायकोबद्दल बोलले, तिच्या आजारपणाबद्दल, मी यांच्याबद्दल. कुणीही डोळे पुसायची घाई केली नाही. उतरताना ते थांबले. "उरलेली वाट एकत्र चालू या का? लग्न करून म्हणतोय मी."

म्हटलं, "लेकीला विचारल्याशिवाय नाही."

"विचाराच. मी थांबतो."

घरी येऊन दूध उतू घालवलं, गॅसशी उभी असूनही! गाणं गुणगुणत होते. पण मधेच गाणं थांबतं. लेक म्हणजे बापाचं शेपूट. अजून त्याचं घड्याळ हातात घालते. तिला काय वाटेल? नाही म्हणाली तर नाहीच. पण मग रोज रंगखोलीवरून जाऊ कशी?

सोमवार, ११ मार्च

लेकीला सांगितलं. फोनवर नाक ओढल्याचा आवाज, आणि — "आई, नोंदणीला साक्षीदार लागतात ना? पहिली सही माझी."