झेंड्यातली बाभळीची फुलं

नामिबिया, २२ मार्च १९९०

तीर्थरूप नानांना सुकदेवचा जयभीम.

मी सुखरूप आहे, जेवणही आता पचतंय. काल हा देश स्वतंत्र झाला. इथल्या शाळेत नवा झेंडा बांधायला मुख्याध्यापकांनी मला बोलावलं, युनोचा पोलीस म्हणून. एरंडोलच्या शाळेत तुम्ही बांधायचात तसाच बांधला, आत फुलं ठेवून. झेंडू नव्हता, बाभळीची घातली.

दोरी ओढली तशी फुलं पडली. म्हाताऱ्या बायांनी ती वेचून रुमालात बांधली. मग सगळे एकमेकांच्या गळ्यात पडून रडायला लागले. माझ्या ओळखीचं कुणी नव्हतं, म्हणून मी दोरीची गाठ पुन्हा तपासत उभा राहिलो.

नाना, उजव्या हाताची मूठ आता वळते का? मागच्या पत्रातलं अक्षर अक्काचं होतं. वाकडंतिकडं आलं तरी चालेल, पण या वेळी तुम्हीच लिहा.

तुमचा सुकदेव