खंडेनवमीचा फोटो

नकुल,

आज नावामागे 'चिरंजीव' लिहीत नाही.

खंडेनवमीला तू तुझी शॉटगन माझ्या पूजेत, ऑपरेशनच्या जुन्या चिमट्याशेजारी ठेवलीस. भाच्याची म्हणून मी तिलाही कुंकू लावलं. आज तोच फोटो तुझ्या बंदूकधारकांच्या संघटनेच्या पत्रकावर, लंडनच्या या आपल्या पिनर भागात घरोघरी! खाली ओळ: 'हिंदू घरांनाही बंदुकीचा कडक कायदा नको.' मला विचारलंस? नॉटिंगहॅमला त्याच चिमट्याने मी एका पोरीच्या मांडीतून छरे काढले, हे तुला ठाऊक होतं. तरी फोनवर म्हणतोस, "आत्या, लोकमत असंच तयार करावं लागतं." निर्लज्ज!

हे पत्र तुला पाठवणार नाही. याचंही पत्रक करशील.

तुझ्या लायसन्सच्या अर्जावर 'मुलगा भरवशाचा आहे' अशी सही माझी आहे. ती मागे घेतेय, असं पोलिसांना पत्रात लिहिलंय. ते पत्र मात्र आत्ताच पोस्टात टाकून आले.

सुप्रभाआत्या