वाळलेल्या गवताचा रकाना

वडाचा पाडा, ता. मुरबाड

प्रिय समीक्षा,

तुझं पाकीट मंगळवारी मिळालं. धसईच्या पोस्टात आलं होतं, तिथून दूधवाल्याने आणून दिलं. आत कागदांचा एवढा गठ्ठा बघून तुझ्या मामीला वाटलं, पोरीने लग्नाच्या पत्रिका छापल्या की काय. मी म्हटलं, पत्रिका नाही गो, कायदा आहे. तर म्हणाली, ‘मंग तुमीच वाचा. तुमचं नि कायद्याचं बरं जमतं.’ आणि सूप घेऊन तांदूळ पाखडायला बसली. ती हे का म्हणाली ते पुढे येईल. ओघात येऊ दे, एकदम लिहायला हात धजत नाही.

तू लिहिलंस की जमिनीखाली साठवून ठेवलेल्या गॅसचे नियम जुने झालेत, ते आता नवे करायचे चाललेत, आणि मराठी मसुदा तुझ्या टेबलावर आहे. गावातल्या माणसाला तो कळतो का ते मामा तुमी बघा, असंही लिहिलंस. खरं सांगू, छाती फुगली. चौथीनंतर माझी शाळा सुटली. पुढचं वाचणं मी वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर शिकलो, साखरेच्या पुडीवरची बातमी अर्धी असली तर उरलेली मनाने पुरी करायचो. अशा माणसाला तू कायदा तपासायला पाठवलास.

म्हणून ओटीवर बसून मोठ्याने वाचला. ‘आस्थापनेने भूपृष्ठाखालील संचय-प्रणालीच्या अखंडतेची नियतकालिक पडताळणी करावी.’ तुझ्या मामीने, सुंदराने, सूप थांबवलं. म्हणाली, ‘हे मंतर कोनी लिवले? भूत उतरवायचंय काय?’ मला तिसऱ्यांदा वाचल्यावर उमजलं. पुरलेल्या नळ्या धड आहेत का ते मधूनमधून बघा, एवढंच ना? मग तसंच लिहा. जिथे जिथे अडलो तिथे शिसपेनने खूण केली आहे आणि शेजारी आपल्या बोलीतलं वाक्य लिहिलं आहे. साठ खुणा झाल्या असतील. रागवू नको.

एकतीस नंबरच्या पानावर मात्र दोन दिवस अडकलो. बाकी प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तुझी बारीक टिक आहे, तपासलं म्हणून. एकतिसाव्या पानावर टिक नाही. तिथे उदाहरण चार आहे. ‘एका ठिकाणी स्थानिक महिलेने मनाई असतानाही साठवण क्षेत्रावर उघडी आग पेटवल्याने स्फोट झाला व सदर महिला मृत्यू पावली. रहिवाशांच्या अशा निष्काळजीपणास आळा घालावा.’ गावाचं नाव नाही, बाईचं नाव नाही. पण ती बाई तुझी आय. माझी धाकटी बहीण, देवकी. नऊ वर्षांपूर्वीच्या चौकशीत जे लिहिलं गेलं तेच तिथून उचलून इथे आलंय. नियम झाला की ते देशभर छापलं जाईल आणि नवी पोरं तेच शिकतील, की एक अडाणी बाई होती, तिने सांगितलेलं ऐकलं नाही. तू ते वाचलंस, मला काहीच लिहिलं नाहीस, फक्त टिक केली नाहीस. मामाला कळलं.

तुला तेव्हाचं सगळं ठाऊक नसणार, तू शहापूरच्या वसतिगृहात होतीस. कंपनीने आपला खालचा माळ खणला, माणूस वाकून आत शिरेल एवढ्या जाड नळ्या ओळीने पुरल्या आणि वर माती लोटून दिली. मोठ्या लाइनीतून आलेला गॅस त्यात दाबून ठेवायचा, नि कारखान्यांना कमी पडला की सोडायचा. साहेब म्हणाले, ही जमिनीखालची कणगी समजा. जमीन तुमचीच, भात लावा, फक्त घर बांधू नका, विहीर खणू नका, मोठं झाड लावू नका. पिवळे दगड रोवले. इंग्रजी नि हिंदीत बोर्ड लावला. आणि गावातला वाचता येणारा माणूस म्हणून मला पिवळी टोपी, शिट्टी आणि एक वही दिली.

रोज सकाळी दगडादगडाने चालत जायचं आणि वहीत खुणा करायच्या. पाच रकाने होते. कोणी खणतंय का, माती वाहून गेली का, दगड हलला का, कुंपण तुटलं का, वास येतो का. मी एक दिवस चुकलो नाही. तापात गेलो, आपल्या सुयोगच्या लग्नात हळदीच्या दिवशीही गेलो. तुझी आय चिडवायची, ‘दादा, बायकोपरीस त्या दगडांचं तोंड जास्त बघता तुमी.’ टोपी घालून पाड्यातून निघालो की लोक वाटेतून बाजूला व्हायचे. पोरी, तुझा मामा जन्मभर दुसऱ्याच्या वाटेतून बाजूला झालेला माणूस. ती टोपी मला फार गोड लागली.

वासाचं तेवढं लिहून घे, मसुद्यात ते कुठेच नाही. आमची सगळ्यांची समजूत की गॅस गळला तर घरच्या शेगडीसारखा घाण वास येणार. मी रोज नाक वर करून श्वास घ्यायचो नि खूण करायचो, वास नाही. पुढे चौकशीला आलेल्या एका तरुण साहेबाने सहज सांगितलं, की वास गॅसचा नसतो, तो मागाहून घालतात, शहरात वाटायच्या आधी. या नळ्यांत घातलेलाच नव्हता. म्हणजे मी चार वर्षं नसलेल्या वासाची हजेरी मांडत होतो. जिथे साठवता तिथे वास घाला, आणि घालत नसाल तर पहारेकऱ्याला तसं सांगा.

आता राबाचं. तुझ्या हापिसातल्या शहरी माणसांना सांगावं लागेल म्हणून लिहितो. भाताची रोपं जिथे करायची त्या तुकड्यावर शेण, टहाळ म्हणजे तोडलेल्या पानाच्या फांद्या, पातेरा, गवत असे थर देऊन वर माती पसरायची आणि पावसाच्या आधी तो राब भाजायचा. मग तण येत नाही आणि रोप कसं तरारून येतं. आजाच्या आजापासून चालत आलंय. राब म्हणजे आग, हे आपल्यात कोणाच्या डोक्यातही येत नाही. आग घराला लागते, रानाला लागते. राब हे शेताचं काम, नांगरटीसारखं. साहेबांनी मला ‘माळावर आग नको’ असं दहा वेळा बजावलं होतं आणि मी पाड्याला दहा वेळा सांगितलं होतं. ते सांगताना ना माझ्या मनात राब आला, ना ऐकणाऱ्यांच्या. आदल्या तीन वर्षी दगडांच्या अल्याड-पल्याड राब भाजले गेले, मी टोपी घालून शेजारून गेलो, हात केला, नि वहीत सगळं ठीक लिहिलं.

चौथ्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास सगळा माळ गुडघाभर हिरवा होता. आणि अकराव्या दगडापाशी, तुझ्या आयच्या तुकड्यात, खळ्याएवढं एक गोल वर्तुळ पिवळं पडलेलं. कडेचं गवत ताठ, आतलं झोपलेलं. मी उभा राहिलो. पायाने माती उकरली, कोरडी ठक्क होती. नाक वर केलं, वास नाही. वही उघडली. पाच रकान्यांत गवताला जागा नव्हती. वही मिटली. दिवाळीला ते वर्तुळ वाढलं होतं, संक्रांतीपर्यंत तिथे टाकळ्यासारखं तणसुद्धा उरलं नाही. जन्म मातीत गेला माझा, समीक्षा. जमिनीला काही होतंय हे मला न कळायला मी काय शहरातून आलो होतो? पण टोपी घातली की मी शेतकरी राहायचो नाही. वहीत जे नाही ते जगात नाही, असं झालं होतं माझं.

ती गेली त्या दिवशी तुझा दहावीचा शेवटचा पेपर होता. सकाळी वारा पडलेला होता, राब भाजायला चांगली वेळ. तिने चूड लावली आणि काठाशी उभी राहिली. वर मातीचं झाकण, खाली नळीतून झिरपून सहा महिने साठत आलेला गॅस. जात्याची वरची तळी उचलावी तसा सगळा राब जागचा उठला. पुढे पाच तास तिथून जाळ निघत होता, लाइन बंद करणारा माणूस लांबून यायचा होता. आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी, ही म्हण मी लहानपणापासून ऐकली, पाहिली त्या दिवशी. दुपारच्या गाडीने मी तुला आणायला शहापूरला आलो. तुला काही सांगितलं नाही, पेपर कसा गेला एवढं विचारलं. तू मुरबाड येईपर्यंत मला आधीच्या भूमितीच्या पेपरातलं एक प्रमेय समजावून सांगत होतीस. मी मान हलवत होतो. त्या दिवसापासून तू आमच्या घरची झालीस. भाऊबीजेला आयच्या जागी तू मला ओवाळतेस आणि मी ताटासमोर बसतो. नऊ वर्षं बसलो.

आता लिहितो. माघात देवकी घरी आली होती. गुडघा सुजलेला, ऐनाच्या झाडावर चढून टहाळ तोडवत नव्हता. ओटीच्या पायरीवर बसून म्हणाली, ‘दादा, तुमच्या टोपीला इचारते. यंदा राब कुठं लावू? दगडांच्या आत चालंल का?’ तिने विचारलं होतं, समीक्षा. अख्ख्या पाड्यात तिने एकटीने विचारलं होतं. आणि मी म्हणालो, ‘अकराव्या दगडापाशी लाव. तिथली जमीन आपसूकच भाजल्यावानी झालीय, टहाळ निम्मा लागंल.’ तिला बरं वाटलं. म्हणाली, ‘टोपीचा फायदा झाला म्हनायचा.’ बहिणीचे कष्ट वाचवले म्हणून मलाही बरं वाटलं. सुंदरा डोक्यावर भारा घेऊन अंगणात शिरत होती. तिने हे सगळं ऐकलं.

चौकशीला साहेब आले तेव्हा मला खुर्ची दिली, जन्मात पहिल्यांदा. विचारलं, ‘बाईंना तिथे राब लावायची परवानगी कोणी दिली होती का?’ मी म्हणालो, ‘नाय साहेब.’ एवढेच दोन शब्द. त्यांनी लिहून घेतले, आणि तेच वाढत वाढत तुझ्या एकतिसाव्या पानावर पोचले. मनाची समजूत घालताना मी तुझं नाव पुढे करत आलो. नोकरी गेली असती तर पोरीचं शिक्षण कसं झालं असतं, वगैरे. पण खोटं आहे ते. खुर्चीत बसलो होतो तेव्हा तू माझ्या मनात नव्हतीस. मांडीवरची टोपी होती. कुंपणानेच शेत खाल्लं आणि वर वाळकं पान तोंडाला लागू दिलं नाही. तुझी मामी तुझ्यापाशी कधी एक शब्द बोलली नाही. मला तेवढं ऐकवत असते, तांदूळ पाखडता पाखडता.

मसुद्याच्या शेवटी लिहिलंय की हरकती नि सूचना तीस तारखेपर्यंत द्यायच्या. हे पत्र त्यासाठी लिहिलं आहे. मामाचं पत्र म्हणून पेटीत ठेवू नको, हरकत म्हणून दाखल कर, माझ्या नावानिशी. खाली सही आहे, सही पुरेशी नसेल तर अंगठाही दिला आहे. सूचना अशी, की पहारेकऱ्याच्या वहीत सहावा रकाना असावा, गवत वाळलं आहे का. आणि जिथे आग लिहाल तिथे राब असं वेगळं लिहावं. हरकत अशी, की उदाहरण चार खोटं आहे. तिथे लिहावं, बाईने विचारलं होतं, पहारेकऱ्याने जागा दाखवली होती, वाळलेलं गवत त्याने सहा महिने पाहिलं होतं. तुझ्या हापिसात हे वाचलं जाईल तेव्हा तुला खाली बघावं लागेल, ते माझ्यामुळे. पण तुझ्या आयला नऊ वर्षं खाली बघावं लागलंय, तेही माझ्यामुळेच. यंदाच्या भाऊबीजेला ताट मांडू नको म्हणालीस तरी मामी तुझ्यासाठी नव्या तांदळाच्या पानग्या करून ठेवील, तिचा यात काही दोष नाही. शेवटी ‘तुझाच’ लिहायची आपल्यात रीत आहे, म्हणून लिहितो. तो शब्द ठेवायचा की खोडायचा, हे मी तुझ्यावर सोडतो. शिसपेन पाकिटात घातली आहे.

तुझाच,
महादूमामा