न टेकवलेलं पदक

संगमनेर, १२ सप्टेंबर १९९६

प्रिय सुवार्ता,

जुन्या काळी युरोपातले यात्रेकरू शिशाचे बिल्ले संताच्या कबरीला टेकवून घरी आणायचे, हे तूच मला मासिकातून वाचून दाखवलंस. म्हणून गेल्या वर्षी, तुला उठवतही नव्हतं तेव्हा, मी हरेगावच्या यात्रेला गेलो. मतमाउली मारियेच्या मूर्तीला टेकवून तुला पदक आणायचं होतं. ते स्टॉलवर घेतलं, पण रांग मैदानाबाहेर गेली होती. घरी पोहोचेपर्यंत तू राहणार नाहीस, या भीतीने मी रांग सोडून परतलो.

तू विचारलंस, "पप्पा, टेकवलंत ना?"

"दोनदा टेकवलं," मी म्हणालो.

"दोनदा! माउलीकडं तुमचा एवढा वशिला कधीपासून?" तू हसलीस. पदक मुठीत धरलंस आणि चौथ्या दिवशी गेलीस. शवपेटीत ठेवतानाही आम्ही ती मूठ सोडवली नाही. तुझी आई म्हणते, माउलीचा स्पर्श पोरीच्या सोबत गेला. मी नुसती मान हलवतो.

परवा पुन्हा गेलो. चार तास रांगेत थांबून मूर्तीपुढे पोहोचलो. मागची बाई म्हणाली, "काका, काय टेकवायचं ते टेकवा की लवकर."

माझ्याकडे काहीच नव्हतं.

तुझे,
पप्पा